एका व्हॉल्व्हमनची कबर

मेलेल्या माणसाला मोठं करणं सोपं असतं, कारण तो मध्ये बोलत नाही. कठीण असतं ते त्याला पुन्हा लहान करणं. हे ज्ञान अर्जवाल्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी झालं. त्याआधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाकडे लेखी पुरावा मागितला असता.

अर्जवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसरं कुणाला ठाऊक नव्हतं. वजनमापं खात्यात छत्तीस वर्षं घासून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायला लागले. नळाला धार बारीक येते, शेजारणीचं कुत्रं जिन्यात बसतं, दाखल्यावर जन्मतारीख चुकली, विषय कुठलाही असो, अर्जवाले असा अर्ज लिहीत की वाचणाऱ्या साहेबाला निसटायला फट राहत नसे. फट ठेवायची नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. बायको म्हणायची, "यांनी लग्नाआधी मला पत्र लिहिलं होतं, त्यालासुद्धा तीन पोटकलमं होती."

तर एके सकाळी चर्चच्या भिंतीवर नोटीस लागली. हे चर्च शहराच्या अगदी पोटात, चारी बाजूंनी दुकानं, आणि मागे जुनी दफनभूमी. जागा इतकी तोकडी की जुन्या लोकांनी तिथे एक पद्धत पाडली होती. कबर खणायची ती दोन माणसांच्या खोलीची. नवरा-बायकोतलं जे आधी जाईल ते खाली, मागून येईल ते वर, आणि तोवर दगडाचा अर्धा भाग कोरा. नव्या लोकांना तिथे कधीच बंदी झाली होती, पण ज्यांचा अर्धा दगड कोरा होता त्यांचा हक्क शाबूत होता. अर्जवाल्यांचे वडील पूर्वेच्या भिंतीलगत खालच्या मजल्यावर एकोणतीस वर्षं पडून होते. वरचा मजला आईचा.

नोटीस म्हणत होती की रस्ता रुंद करायचा आहे, सबब पूर्वेची रांग सहा महिन्यांत उठवली जाईल आणि अवशेष शहराबाहेर खाणीपलीकडच्या नव्या दफनभूमीत योग्य रीतीने हलवले जातील. वाचतील फक्त 'उल्लेखनीय व्यक्तींच्या' कबरी. त्या जागच्या जागी राहतील आणि रस्ता त्यांना वळसा घालून जाईल.

आई एकोणनव्वदची. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. डोकं मात्र लख्ख आणि जीभ त्याहून. अर्जवाल्यांनी तिला नोटीस वाचून दाखवली.

"म्हणजे सहा महिन्यांत मरायचं," ती म्हणाली. "जरा घाईच होते."

"आई, असं काय बोलतेस."

"मग कसं बोलू? त्याला कुठल्या खड्ड्यात टाकतील, मला कुठल्या. मेल्यावर त्याला शोधत फिरू का मी, हा खुबा घेऊन? अख्ख्या गल्लीचे अर्ज लिहितोस. बापासाठी एक लिही. मला त्याच्याजवळ जायचंय, बाकी काही नको."

आईनं त्यांच्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. अर्जवाले त्याच दिवशी कागद आणायला गेले.

पण लिहिणार काय? वडील पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. पहाटे उठायचं, खांद्यावर ती लांब दांड्याची लोखंडी चावी टाकायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं आणि पूर्वभागाचं पाणी सोडायचं. दहा वाजता बंद करायचं. एकतीस वर्षं हेच. गल्लीत बातमी फुटली तसे सल्ले यायला लागले. खालचे औषधवाले म्हणाले, वडील कधी तुरुंगात गेले असतील तर बघा, फार उपयोग होतो. समोरच्या शिंपीणबाईंनी विचारलं की पदक वगैरे काही मिळालं होतं का. निवृत्तीच्या वेळी छत्री मिळाली होती, असं अर्जवाल्यांनी सांगितलं. छत्री आहे का अजून, असं त्यांनी विचारलं. छत्री कुणीतरी नेली होती.

शेवटी वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक धावून आले. इतिहास शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ अकरा वर्षं त्या दफनभूमीवर ग्रंथ लिहीत होते, आणि तिथल्या मेलेल्यांची त्यांना जितकी माहिती होती तितकी स्वतःच्या सुनेची नव्हती. ते अर्जवाल्यांना दफनभूमीत घेऊन गेले आणि एकेक उल्लेखनीय व्यक्ती दाखवत चालले. हा शहरातला पहिला छापखानेवाला. ही गायिका, हिच्या आवाजाने म्हणे राज्यपालांच्या बायकोला घेरी आली होती. हा वनस्पती गोळा करणारा, एक विषारी पान चाखून बघितलं आणि इथे आला.

"आणि हे सेनापती," प्राध्यापक एका भल्यामोठ्या दगडापुढे थांबले. "मोठी लढाई जिंकली. आता खरं सांगायचं तर लढाईच्या दिवशी जुलाब लागून तंबूत आडवे होते. पण तंबू त्यांचा होता ना. इतिहासाला तेवढं पुरतं. तुमच्या वडिलांचा एखादा तंबू शोधू या."

तंबू सापडला. सत्तावन्न वर्षांपूर्वी शहरात पटकीची साथ आली होती, अर्जवाले तेव्हा नऊ वर्षांचे. आरोग्य खात्याच्या जुन्या अहवालात प्राध्यापकांना आकडे मिळाले. दोन दिवस टाकीत घाण पाणी शिरलं, शहरात चारशे बारा माणसं दगावली. पूर्वभागात एकही नाही. का? तर नेमके ते दोन दिवस पूर्वभागाचा पुरवठा बंद होता. बंद कुणी ठेवला, हे अहवालात नव्हतं. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि अर्जवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या वडिलांनी पाणी अडवलं," ते म्हणाले.

अर्जवाल्यांना भरून आलं. खरंच आलं. आयुष्यभर त्यांना बाप म्हणजे एक दमलेला, ओल्या चपलांचा माणूस वाटत आला होता. त्यांनी अकरा पानी अर्ज लिहिला. 'वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता, नागरिकांचा रोष पत्करून' हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोळे पुसले.

पुढचे चार महिने जे व्हायचं ते झालं. दफनभूमीच्या कचेरीतल्या बाई तरुण होत्या, तोंडावर कधी हसू नाही, पण अर्जवाल्यांच्या टापटिपीवर खूश. त्यांनी सांगितलं की फॉर्मवर उल्लेखनीय व्यक्तीची संमती हवी. व्यक्ती मेलेली आहे, असं अर्जवाले म्हणाले. मग मृत्यूचा दाखला जोडा, असं बाई म्हणाल्या. ती इथेच पुरली आहे, समोर, खिडकीतून दिसते. दिसतं ते चालत नाही काका, असं बाई म्हणाल्या आणि ते अर्जवाल्यांना मनापासून पटलं. मग घटनेचे हयात साक्षीदार हवेत असं निघालं. शोधून शोधून एक चौऱ्याण्णव वर्षांचे आजोबा मिळाले. त्यांनी लिहून दिलं की त्या वर्षी दोन दिवस पाणी नव्हतं हे खरं आहे. याहून जास्त लिहायला त्यांनी नकार दिला.

जतन समितीने अर्ज मंजूर केला. एवढंच नाही, अर्जाची भाषा बघून तिने अर्जवाल्यांना मानद सदस्य करून घेतलं आणि पहिलंच काम दिलं ते संरक्षित कबरींची नियमावली लिहिण्याचं. प्राध्यापकांची तक्रार होती की छापखानेवाल्याच्या घराण्यातले लोक जुन्या हक्काच्या नावाखाली कुणालाही आणून तिथे घुसवतात, गेल्या वेळी एक काकू आणली आणि ती कुणाची काकू हे त्यांनाही सांगता येईना. अर्जवाल्यांनी बाह्या सरसावल्या. अर्ज लिहिताना त्यांना माणसं दिसत नसत, फटी दिसत. नियमावली बारा कलमांची झाली आणि मुंगी शिरेल तर शपथ.

समितीने वडिलांसाठी पितळी पाटी करवली. तिचा मजकूर अर्जवाल्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'साथीच्या भीषण काळात दूषित पाणी अडवून सहस्रावधी प्राण वाचवणारा जलरक्षक.' आई ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. अर्जवाल्यांना वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि खुबा दुखत होता म्हणून मध्येच कण्हत होती.

"अरे, चावी पडली होती त्याची."

"कसली चावी?"

"व्हॉल्व्हची. चेंबरमध्ये पडली, पार तळाला. साहेब नोकरीवरून काढेल म्हणून कुणाला बोलला नाही. दोन दिवस पोट दुखतं म्हणून घरात पडून. लोक दारावर येऊन शिव्या देऊन जात होते आणि हा डोक्यावरून पांघरूण घेऊन. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला आणि आकड्याने काढली ती चावी."

अर्जवाल्यांनी पाटीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मग पलीकडे माणसं मरायला लागली," आई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तेव्हा तो फार रडला. म्हणायचा, मी इकडचं सोडलं नाही म्हणून ते सगळं घाण पाणी तिकडे गेलं, माझ्यामुळे मेली ती माणसं. मी किती समजावलं, पाणी काय असं ठरवून जातं का. नाही पटलं त्याला. शेवटपर्यंत नाही. म्हणून तर कधी कुणाशी बोलायचा नाही."

"आई, मग आता मी काय करू?"

"काय करतोस? लाव पाटी. खोटी का होईना, जागा राहिली ना."

पाटी लागली. समारंभ झाला, पाव तास भाषणं झाली. चौऱ्याण्णव वर्षांच्या आजोबांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले की या माणसापायी त्यांची आई दोन दिवस तहानलेली होती आणि तो समोर आला असता तर त्यांनी त्याला चपलेने मारलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं आजोबा भावनाविवश झाले. अर्जवाले हसले, पण पुढे कबरीजवळ जाताना ते त्या पाटीकडे बघायचं टाळत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी चहा पिता पिता, आई गेली. कप सुनेच्या हातात दिला, "गोड जास्त झालाय" म्हणाली आणि मान टाकली. सूनबाई रिकामा कप घेऊन तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ.

रडणं वगैरे आवरून अर्जवाले दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. दुःख होतं, पण त्यात एक समाधानही होतं की जे आईनं मागितलं ते आपण करून ठेवलं आहे. बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग कपाटातून नियमावली काढली आणि सातवं कलम उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

'संरक्षित कबर कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही व्यक्तीसाठी, मृताच्या पती वा पत्नीसह, अंशतः अथवा पूर्णतः उघडली जाणार नाही. यास अपवाद नाही.'

अर्जवाल्यांनी ते दोनदा वाचलं. भाषा निर्दोष होती.

"हे मी छापखानेवाल्यांच्या लोकांसाठी लिहिलं होतं," ते म्हणाले.

"तसं कुठे म्हटलेलं नाही काका," बाई हळूच म्हणाल्या. "मी शोधलं. सकाळी तुमचा फोन आल्यापासून शोधते आहे. कुठून तरी मार्ग निघेल म्हणून. तुम्ही काही ठेवलेलंच नाही."

समितीची पुढची बैठक तीन महिन्यांनी. आई हॉस्पिटलच्या शीतगृहात, तिथे दोन दिवसांवर ठेवत नाहीत. खाणीपलीकडे नव्या दफनभूमीत आजच्या आज जागा मिळत होती, क्रमांक दोन हजार एकशे आठ, शेजारी दोन्हीकडे अनोळखी. अर्जवाल्यांनी विचारलं की आईलाच उल्लेखनीय करता येईल का. बाईंनी फॉर्म काढला. 'कामगिरी' या रकान्यापुढे त्यांनी पेन टेकवलं. चार मुलं वाढवली, त्यातली दोन पुरली, भित्र्या नवऱ्याचं गुपित सत्तावन्न वर्षं पोटात ठेवलं. सगळं खरं होतं आणि यातलं एकही त्या रकान्यात बसत नव्हतं. बापासाठी अकरा पानं सुचली होती. आता पेन उमटेना.

"एक रस्ता आहे," बाई म्हणाल्या. "अकरावं कलम. मूळ माहिती खोटी होती असं माहिती देणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं तर नोंद जागच्या जागी रद्द. मग ती साधी कबर. साध्या कबरीत बायकोला जाता येतं. पण मग संरक्षण गेलं, रांग उठेल तेव्हा तीही उठेल. आणि तुमचं लिहून दिलेलं तीस दिवस बाहेर फळ्यावर लागेल."

अकरावं कलमही त्यांचंच होतं.

अर्जवाले बाहेरच्या बाकावर येऊन बसले. बायको तिथे होती, प्राध्यापकही. त्यांनी दोघांना सगळं सांगितलं, पडलेल्या चावीसकट. प्राध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण, या जलरक्षकावरचंच, छापायला गेलं होतं.

"थोडं थांबा," ते म्हणाले. "हेतू काय होता याने काय फरक पडतो? माणसं वाचलीच ना? सेनापतींचं बघा."

"सेनापतींची बायको शीतगृहात नाही," अर्जवाल्यांची बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आईंनी काय मागितलं होतं? पाटी मागितली होती का?"

"नाही."

"मग लिहा. आणि थोडक्यात लिहा."

अर्जवाल्यांनी लिहिलं. जन्मातला त्यांचा सर्वांत लहान अर्ज, चार ओळींचा. 'माझे वडील साधे व्हॉल्व्हमन होते. त्या दिवशी त्यांची चावी चेंबरमध्ये पडली व ते घाबरून घरी बसले. हे मला पाटी लावण्यापूर्वी समजले होते. मी ते लपवले.' सही करताना बाईंनी कागद धरून ठेवला.

पाटी काढायला कबरी खणणारा आला. तीन स्क्रू निघाले, चौथा निघेना. त्याने छिन्नी लावून ठोकलं तेव्हा दगडाचा कोपरा उडाला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, आई वडिलांच्या वरच्या मजल्यावर गेली. प्राध्यापक आले होते, पण लांब सेनापतींपाशी उभे राहिले आणि तिथूनच परत गेले. पुढे सहा महिने ते जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत चढत.

फळ्यावरचा कागद सगळ्या शहराने वाचला. अर्जवाल्यांना वाटलं, आता गल्लीत कुणी दारात उभं करणार नाही. झालं उलटंच. चावी हरवून घरी बसलेल्या माणसाला ज्याने जलरक्षक केलं तो काय नाही करणार, म्हणून माणसांची रीघ लागली. औषधवाल्यांना आपल्या आजोबांसाठी काहीतरी हवं होतं. अर्जवाल्यांनी दार लावून घेतलं आणि आत बसून राहिले. हा अपमान त्यांना त्या कागदाहून जास्त लागला.

रस्ता रुंद व्हायला साडेचार वर्षं लागली. ज्या घाईपायी आई झुरली ती घाई नकाशातच राहिली. एक दिवस पत्र आलं आणि अर्जवाले बायकोबरोबर पूर्वेच्या भिंतीपाशी हजर झाले. दोरी बांधलेली, मुकादम हातात यादी घेऊन उभा, कबरी खणणारा खड्ड्यात. एकेका कबरीतून निघेल ते पांढऱ्या लाकडी पेटीत भरून बाहेर टेम्पोत चढवलं जात होतं.

वडिलांच्या कबरीत तो बराच वेळ होता. मग त्याचं डोकं वर आलं.

"यात दोघं आहेत," तो म्हणाला. "मधली फळी पार कुजली. वरचं खाली बसलंय. कुठलं कुणाचं, मला सांगता यायचं नाही."

मुकादमाने यादी बघितली. "कबरीमागे एक पेटी आणि पेटीमागे एक जागा. दुसरी पेटी हवी असेल तर तज्ज्ञाकडून वेगळं करून घ्यावं लागेल. तसा अर्ज द्या, मी काम थांबवतो." तो अर्जवाल्यांकडे वळला. "लिहिता का काका? कागद देऊ?"

अर्जवाले खड्ड्याच्या काठाशी गेले आणि वाकून आत बघत राहिले. बायकोने त्यांचा दंड धरला, तोल जाईल म्हणून.

"नको," ते म्हणाले.

"नंतर तक्रार चालणार नाही."

"तक्रार नाही. भरा एकत्र."

पेटी भरून वर आली. टेम्पोत जागा होती, पण अर्जवाल्यांनी ती खाली ठेवू दिली नाही. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि पेटी मांडीवर घेतली. दोघं मिळून एवढंसंच वजन, हे त्यांना खरं वाटेना, आणि मग साडेचार वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने रडले. ड्रायव्हरने गाडी हळू घेतली. खाणीकडचा रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला अर्जवाले दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरत होते.